पुसता न येणारा शेरा

नांदेडच्या ठेकेदारांमध्ये माझं खरं नाव फार थोड्यांना ठाऊक आहे. 'कपात साहेब' कुठं राहतात म्हणून विचारलं, तर मात्र कोणीही तुम्हाला माझ्या दारापर्यंत आणून सोडेल. एकाच बांधकाम कंपनीत मी एकतीस वर्षं बिलं तपासली. समोर आलेल्या बिलातून काहीतरी कापल्याशिवाय हा माणूस सही करत नाही, अशी माझी ख्याती होती. माझ्या मुलीच्या लग्नात एका सेंट्रिंगवाल्याने आहेराचं पाकीट हातात ठेवलं आणि भर मांडवात म्हणाला, "साहेब, मोजून घ्या, पण यातून काय कापू नका." सगळे हसले, मीही हसलो. खोटं कशाला बोलू, त्या नावाचा मला तेव्हा अभिमान वाटायचा.

निवृत्त होऊन आता दोन वर्षं होतील. जुने लोक भेटले की किस्से निघतात, मीही रंगवून सांगतो. एक गोष्ट मात्र मी चारचौघांत कधी सांगितली नाही. घरात सांगितली, तेव्हा बायको म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? लिहून टाका." म्हणून लिहितो आहे.

बाहेरच्या माणसाला आमचं काम कळावं म्हणून आधी थोडं सांगतो. इमारत उभी राहत असताना तिथे रोज वीस प्रकारचे लोक राबत असतात. कोणी खड्डे खोदतो, कोणी सळई बांधतो, कोणी गिलावा करतो. कोणी किती काम केलं ते मोजायचं, त्याला ठरलेला दर लावायचा आणि मालकाचा खर्च अंदाजपत्रकाबाहेर जाऊ द्यायचा नाही, हे बिलिंग इंजिनिअरचं काम. मोजलेलं सगळं मोजमाप वहीत उतरवायचं. त्या वहीत खाडाखोड चालत नाही, हे पहिल्या दिवशी शिकवतात. ती कशी करायची, हे दुसऱ्या दिवशी कोणीतरी शिकवतंच.

हदगावला एका गोदामाचं काम चालू होतं, तेव्हाची गोष्ट. तिथल्या सुपरवायझरने भरावाच्या मुरमाचा आकडा दाढीच्या ब्लेडने अलगद खरवडला आणि त्या जागी दुसरा लिहिला. हात इतका सफाईदार की भिंगाखालीही कळलं नसतं. मी पान उचलून उन्हासमोर धरलं. खरवडलेल्या जागी कागद पातळ झाला होता आणि तेवढ्यातून ऊन आरपार येत होतं. माणूस पाया पडला, दोन लेकरं आहेत म्हणाला. मी त्याला दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं. पुढे कित्येक वर्षं कामावर नवीन इंजिनिअर आला की मी त्याला ते पान उन्हात धरून दाखवायचो. खरवडताच येणार नाही अशी वही पाहिजे, हे तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलं.

तशी वही शेवटी आली, पण ती कागदाची नव्हती. मोठ्या मालकांनंतर कारभार त्यांच्या मुलाकडे आला. आम्ही त्यांना धाकटे मालक म्हणायचो. त्यांनी पुण्याच्या एका कंपनीकडून खर्चावर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर करवून घेतलं. आमच्या तोंडी त्याचं नाव नुसतं 'सिस्टीम' पडलं. वाळूचा हायवा ट्रक गेटवर आला की त्याची पावती मोबाइलने स्कॅन व्हायची. वजनकाट्यावरचा आकडा माणसाच्या हाताला न लागता थेट आत जायचा. फोटोवर जागा आणि वेळ आपोआप उमटायची. लातूरच्या साइटवर सिमेंटच्या किती गोण्या शिल्लक आहेत, हे मला नांदेडला चहा पिताना दिसायचं. पहिल्याच महिन्यात सळईची एकच गाडी दोनदा आल्याचं दाखवणारा एकजण सापडला. पावती दुसऱ्यांदा स्कॅन झाली तशी मोबाइलवर घंटी वाजली. ड्रायव्हरच्या हातातली भजीसुद्धा तोवर संपली नव्हती. माझ्या वयाचे बाकीचे लोक सिस्टीमला शिव्या घालायचे. मी मात्र नव्या सुनेचं करावं तसं तिचं कौतुक केलं.

ती आमच्या कामाच्या मापाने बेतून द्यायला पुण्याहून रेवती नावाची मुलगी आली होती. पंधरा दिवस ती माझ्या टेबलासमोर बसून बारीकसारीक प्रश्न विचारायची. एका दुपारी म्हणाली, "काका, एखादं बिल नामंजूर करायचं झालं, तर कारणं काय काय असू शकतात? मी यादीच करून ठेवते. तुम्ही नुसतं बोट ठेवायचं."

मी बोटांवर मोजून सात कारणं सांगितली. काम अर्धवट, दर्जा कमी, कागद अपुरे, दर चुकीचा, न सांगितलेलं काम, एकच काम दोनदा दाखवलं, आणि सातवं, मोजणीपेक्षा वाढवून मागितलं. शेवटची दोन म्हणजे सरळ लबाडी. म्हणून त्यांच्यावर बोट ठेवलं की त्या माणसाच्या नावापुढे लाल शेरा लागेल आणि आमच्या कोणत्याच साइटवर त्याला पुन्हा काम मिळणार नाही, असं ठरलं.

"अजून काही कारण?" तिने विचारलं.

"झालं. यापलीकडे काय असणार?"

"आणि शेरा नंतर पुसता यावा का? समजा, चुकून लागला."

मी कपाटातून हदगावची वही काढली आणि ते पान तिला खिडकीशी नेऊन दाखवलं. म्हणालो, "पुसायची सोय ठेवली की पुसणारा येतोच, बाई. मला पुसता येऊ नये आणि मालकालाही येऊ नये." तिने मान हलवली आणि तसं लिहून घेतलं.

आता यल्लप्पाबद्दल सांगतो. निलंग्याबाहेर वडारांची वस्ती आहे, तिथला तो. खडक फोडणं हे त्यांचं पिढीजात काम. दोन ट्रॅक्टर, त्यांना जोडलेले कंप्रेसर आणि बारा माणसांची टोळी, एवढा त्याचा पसारा. इमारतीच्या पायाचे खड्डे वरच्या काळ्या मातीत जेसीबी खोदतं, पण खाली कठीण खडक लागला की त्याचे दात बोथट होतात. तिथून पुढचं काम यल्लप्पाचं. तो जमिनीवर पहार आपटायचा, आवाज ऐकायचा आणि सांगायचा, "साहेब, दोन हातावर काळा पत्थर हाय." आणि तो तेवढ्यावरच लागायचा. माझ्याच वयाचा, असला तर वर्षा-दोन वर्षांनी मोठा. तो मला साहेब म्हणायचा, मी त्याला अरे-तुरे करायचो. पंचवीस वर्षांत दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्याच्या बिलातून मी कधी कापलं नाही. एकदा त्यानेच कापून आणलं होतं. नांदेडच्या एका कामावर पावसाने खड्ड्याची कड ढासळली आणि खड्डा आपोआप मोठा झाला. मोजणीत ते सगळं त्याच्या नावावर जमा होत होतं. तो म्हणाला, "ती दरड देवानं पाडली साहेब. त्येच्या कामाचे पैसे म्या कसे घिऊ?" मी तो किस्सा मोठ्या मालकांनाही सांगितला होता. त्यांनी त्या दिवाळीला त्याला घरी बोलावून कपडे केले.

खोदकाम मोजायची या लोकांची एक रीत होती. खडक फोडताना खड्ड्याच्या एका कोपऱ्यात हातभर रुंदीचा खुंट न फोडता तसाच उभा ठेवायचा. काम जिथून सुरू झालं, ती पातळी त्या खुंटाच्या माथ्यावर राहायची. त्याला ते साक्षीदार म्हणायचे. खुंटाला टेप लावली की खड्डा किती खोल गेला हे कोणालाही दिसायचं. दोन्ही बाजूंनी मोजणी मान्य झाली की यल्लप्पा साक्षीदाराला हळद-कुंकू लावायचा आणि मग तोही फोडून टाकायचा.

लातूरच्या बाहेर आम्ही मुलींचं वसतिगृह बांधायला घेतलं. पायाचे बेचाळीस खड्डे. धाकट्या मालकांनी या वेळी मोजणी ड्रोनने करायची ठरवली. खडक उघडा पडला की ड्रोन एकदा उडणार, फोडून झाल्यावर पुन्हा उडणार. दोन्ही वेळेच्या शेकडो फोटोंची वजाबाकी करून संगणक सांगणार, किती खोदलं. टेप धरायला माणूस नको आणि त्यावरून हुज्जतही नको. मला ते मनापासून आवडलं.

दुसऱ्या मोजणीच्या आधी मी साइटवर गेलो, तर खड्ड्याखड्ड्यात साक्षीदार उभे. मी कडेवरूनच म्हणालो, "यल्लप्पा, हे खुंट सगळे काढून टाक. आता वरून मोजणी आहे, खड्डा साफ दिसला पाहिजे."

"दोन-चार तरी ठिवतो की साहेब. कडंच्या खड्ड्यात."

"कशाला? यंत्राला साक्षीदार लागत नसतो."

तो खुंटाकडे थोडा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "तुमी म्हणता तर काढतो." त्याने नागूबाईला हाक मारली. ही त्याची थोरली मुलगी, तिशीतली, नवऱ्यासकट बापाच्याच टोळीत राबणारी. सातवीपर्यंत शिकलेली टोळीत ती एकटीच, म्हणून डिझेलचा आणि मजुरीचा व्यवहार तिच्याकडे होता. त्यांनी प्रत्येक खड्ड्याला स्वतःची टेप लावली, नागूबाईने आकडे वहीत उतरवले, आणि दोन दिवसांत बेचाळीसच्या बेचाळीस साक्षीदार फोडून झाले.

ड्रोन यायच्या आधी तीन दिवस अवकाळी पाऊस लागून राहिला. खड्डे कमरेएवढ्या गढूळ पाण्याने भरले. उपसायला दोन दिवस तरी लागले असते. ड्रोनवाला हैदराबादहून आलेला, त्याला संध्याकाळी परत निघायचं होतं. मी विचारलं, "पानी है अंदर, चलेगा क्या?" तो म्हणाला, "सॉफ्टवेअर देख लेगा सर." मी मान हलवली. ज्याची खातरजमा केली नाही त्याला मान हलवायची नाही, हे मी आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलं. त्या दिवशी मी स्वतः टपरीवर चहा प्यायला निघून गेलो. पुढच्या चार दिवसांत पाणी उपसलं गेलं आणि तळाला काँक्रीटचा थर पडला. खड्ड्याचा खरा तळ आता कोणालाच दिसणार नव्हता.

तीन आठवड्यांनी अहवाल आला. यल्लप्पाने मागितलेल्यापेक्षा काम जवळपास एक तृतीयांश कमी निघालं. रंगीत नकाशे होते, प्रत्येक खड्ड्याचा वेगळा आकडा होता, आणि तोही दशांशानंतर तीन घरांपर्यंत. मी त्याला साइटवरच्या पत्र्याच्या ऑफिसात बोलावलं. नागूबाई सोबत आली. मी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे फिरवला.

"यल्लप्पा, हे बघ. तू लिहिलंस तेवढं खोदलेलं नाही."

तो वाकून बघत राहिला. "कायतरी गडबड हाय साहेब. म्या सोता टेप लावलीया. नागूनं लिवून घेतलंय."

"टेप तुझी आणि लिहिणारी तुझीच मुलगी. याला मी पुरावा कसा म्हणू?"

"साक्षीदार असते तर..." नागूबाई बोलायला लागली आणि बापाने तिला हाताने थांबवलं.

"त्या दिशी खड्ड्यात पाणी व्हतं की वो साहेब," यल्लप्पा म्हणाला. "त्ये वरून फिरतंय. त्येला तळ कसा दिसला आसंल?"

किती सरळ बोलणं होतं ते. चौथीतल्या पोराला पटलं असतं. मला पटलं नाही, कारण माझ्यासमोर दशांशाची तीन घरं होती. मी म्हणालो, "यंत्र आहे ते, यल्लप्पा. त्याला पाणी कुठलं आणि दगड कुठला, सगळं कळतं."

"मंजी म्या वाढवून लिवलं?"

मी नामंजुरीची यादी उघडली. सातही कारणं वरपासून खालपर्यंत वाचली. काम पुरं होतं, दर्जा उत्तम होता, कागद व्यवस्थित होते. जुळणारं एकच होतं, शेवटचं. मी त्यावर बोट ठेवलं आणि यल्लप्पाच्या नावापुढे लाल गोल उमटला.

"हे लाल कामून झालं, काका?" नागूबाईने विचारलं.

मी तिला सांगितलं. पंचवीस वर्षांच्या ओळखीच्या माणसाला तो समोर बसलेला असताना लबाड ठरवलं आणि त्याचा अर्थ त्याच्या मुलीला समजावून सांगितला. यल्लप्पा उठला. बाहेर पडताना त्याचं डोकं दाराच्या पत्र्याला लागलं, तरी तो थांबला नाही.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. बिल नामंजूर झालं, तरी त्याने टोळीतल्या एकाचीही मजुरी अडवली नाही. एक ट्रॅक्टर कंप्रेसरसकट विकला आणि सगळ्यांचं पुरं केलं. पण लोकांच्या मनात किल्मिष बसलं ते बसलंच. कोणी म्हणे, यल्लप्पानं वाढवून लिहिलं. कोणी म्हणे, कंपनीनं दिलं असेल, यानंच दाबलं. त्याच्या सख्ख्या मेव्हण्याने चार माणसं फोडून वेगळी टोळी केली. दुसऱ्या ठेकेदारांकडे गेला, तर पहिला प्रश्न हाच, "त्या कंपनीनं तुला कामून काढलं?" काय सांगणार?

तो तीनदा नांदेडला आला, एसटीने, चार-पाच तास प्रवास करून. पहिल्या दोन वेळा मी साइटवर होतो, भेट झाली नाही. तिसऱ्यांदा ऑफिस उघडायच्या आधीच पायरीवर येऊन बसला होता. म्हणाला, "साहेब, पैशाचं राहू द्या. ते बुडाले आसं समजून राहिलो. तेवढं लाल काढा. वस्तीत मान वर करून चालता येत न्हाई."

मी त्याला चहा पाजला. नियम समजावून सांगितला. निघताना बसभाड्याचे पैसे पुढे केले. ते त्याने घेतले नाहीत.

वर्ष उलटलं. नांदेडला एका शाळेच्या कामावर पुन्हा ड्रोन यायचा होता. या वेळी चालवणारी परभणीकडची एक तरुण इंजिनिअर होती. तिने आल्या आल्या खड्ड्यात डोकावलं आणि म्हणाली, "सर, आधी हे पाणी उपसून घ्या. ड्रोन पाण्यालाच तळ समजतो."

"सॉफ्टवेअर बघून घेत नाही का?"

"गढूळ पाण्याखालचं कसं बघंल, सर? फोटोच ना शेवटी."

मी तिथेच सळईच्या ढिगावर बसलो. तिला वाटलं, उन्हाने घेरी आली. तिने पाण्याची बाटली पुढे केली. कमरेएवढं पाणी आणि बेचाळीस खड्डे, हा हिशेब करायला मला कागद लागला नाही. यल्लप्पाचा आकडा जवळजवळ तंतोतंत येत होता. मी त्या दिवशी खूप रडलो. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, शाळेच्या अर्धवट भिंतीआड, तोंडात रुमाल घालून रडलो.

संध्याकाळच्या आत धाकट्या मालकांसमोर जाऊन उभा राहिलो. साक्षीदार फोडायला मी लावले, पाणी मी डोळ्यांनी पाहिलं, आणि तो सांगत होता ते ऐकलं नाही तेही मीच, असं सगळं सांगितलं. माणूस दिलदार, रागावले नाहीत. म्हणाले, "त्याचे पैसे देऊन टाकू." सिस्टीम लाल शेऱ्याच्या माणसाला पैसे देऊच देत नाही, म्हणून त्यांनी ते स्वतःच्या खात्यातून पाठवले.

राहिला शेरा. मी पुण्याला रेवतीला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, नाही हो होत. तुम्हीच सांगितलं होतं ना, कोणालाच पुसता येऊ नये. आता तर बँक तुमच्या कंपनीला याच भरवशावर कर्ज देते. मी खाली टीप जोडून देऊ शकते." तिने टीप जोडली, 'मोजणीत कंपनीची चूक.' पण सिस्टीम रंग बघते, टीप वाचत नाही. यल्लप्पाचं नाव टाकलं की काम देण्याचं पान उघडतच नव्हतं. सात कारणं सांगताना 'आमची चूक' हे आठवं मला सुचलंच नव्हतं. आणि सुचलं असतं तरी त्या दिवशी पत्र्याच्या ऑफिसात मी त्यावर बोट ठेवलं असतं का, असं विचारलं, तर छातीठोकपणे हो म्हणवत नाही.

शेवटी मालकांनीच वाट सुचवली. "नाव दुसरं घ्या. टोळी तीच राहू द्या. रेणापूरला मोठं काम निघतंय, त्याच्या मुलाच्या नावाने नोंदवा." माझ्या निवृत्तीला महिना उरला होता. ऑफिसात माझ्या सत्काराच्या शालीचा रंग ठरत होता. मी निलंग्याची बस धरली.

वस्तीत शिरताना दोघा-तिघांनी मला ओळखलं आणि तोंड फिरवलं. यल्लप्पा दारातल्या बाजेवर बसला होता. खांदे उतरले होते, गालफडं बसली होती. मला पाहून उठला. "या साहेब," म्हणाला, आणि बाज झटकून दिली. नागूबाईने पाण्याचा तांब्या ठेवला.

मी म्हणालो, "चूक माझी होती. यंत्रानं पाण्यालाच तळ धरलं होतं. तुम्ही म्हणालात तेच खरं होतं."

पंचवीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडून 'तुम्ही' गेलं.

"आसं परक्यावानी बोलू नका साहेब," तो म्हणाला. मग जरा पुढे सरकला. "मंग? लाल निघालं?"

मी नाही म्हणून मान हलवली. निघत नाही, कधीच निघणार नाही, आणि ते तसं मीच करायला लावलं होतं, हेही सांगितलं. मग मुलाच्या नावाचा विषय काढला.

"मंजी म्या चोरच राहिलो," तो म्हणाला.

"सिस्टीममध्ये तसं राहील."

"आन वस्तीत?"

मी समोरचा तांब्या उचलून पाणी प्यालो. मग त्यानेच विचारलं, "रेणापूरचं काम किती दिस चालंल?"

"सहा महिने. जास्तच."

"आठ माणसं बसून हायत. करा मंग."

मुलगा उमरग्याकडे मजुरीला गेला होता, पण त्याचं आधार कार्ड घरात होतं. मी मोबाइलवर अर्ज उघडून कार्डाचा फोटो काढला. लगेच लाल पट्टी आली. मुलाच्या नावात मधलं नाव यल्लप्पा, पुढे तेच आडनाव, गावही तेच. सिस्टीमने बरोबर जोडून काढलं. मग राहिली नागूबाई. तिच्या कार्डावर नवऱ्याचं नाव, नवऱ्याचं आडनाव, पत्ताही सासरचा.

"तिच्या कागदात माझं नाव कुटंच न्हाई?" यल्लप्पाने विचारलं.

"नाही."

"बरं झालं," तो म्हणाला.

अर्ज पुढे सरकत गेला. शेवटी एक प्रश्न आला. काढलेले लोक बायकांच्या, भावांच्या नावाने परत शिरतात म्हणून तो मीच घालायला लावला होता. मी तो मोठ्याने वाचला. "लाल शेरा असलेल्या कोणत्याही व्यक्तीशी तुमचं नातं आहे का? होय की नाही?"

"हाय म्हणून लिवा काका," नागूबाई म्हणाली. "म्या त्येंची लेक हाय."

"हाय लिवलं तर काय व्हतं?" यल्लप्पाने मला विचारलं.

"अर्ज बंद होतो."

"मंग न्हाई लिवा."

"आप्पा!"

"न्हाई लिवा साहेब. ती लेकरू हाय, तिचं ऐकू नका."

मी 'नाही'वर बोट ठेवलं. एकतीस वर्षांत मी जाणूनबुजून केलेली ती पहिली खोटी नोंद.

माहिती खरी असल्याची खात्री म्हणून नागूबाईच्या मोबाइलवर सहा आकडे आले. ते मला वाचून सांगायचे होते. तिने मोबाइल हातात धरून ते पाहिले. तिने तो बाजेवर ठेवला आणि आत चुलीपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली.

यल्लप्पाने मोबाइल उचलला. त्याला अक्षरं येत नव्हती, आकडे मात्र येत होते. टेप धरूनच तो ते शिकला होता. मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून त्याने एकेक आकडा सावकाश सांगितला, मी तो टाकेपर्यंत थांबला, मग पुढचा सांगितला. सहाही आकडे झाले.

"बराबर आले का साहेब?" त्याने विचारलं.

पडद्यावर हिरवी खूण उमटली होती. मी त्याला बरोबर आले म्हणून सांगितलं.